मराठी मजकुरातील शब्दांची वारंवारता मोजणारा पायथन प्रोग्रॅम: सविस्तर कृती

मजकुरात कोणता शब्द किती वेळा आला, हे मोजणारा प्रोग्रॅम इंग्रजीसाठी पाच-सहा ओळींत लिहून होतो आणि प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला तो पहिल्या आठवड्यातच करायला मिळतो. तोच प्रोग्रॅम मराठी फाईलवर चालवला, तर उत्तर चुकीचे येते, आणि ते चुकल्याची कोणतीही सूचना पडद्यावर उमटत नाही; नीटनेटकी यादी समोर येते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. एका स्मरणिकेचे संपादन करताना मी स्वतः असा विश्वास ठेवला होता. सात-आठ जणांनी आपापल्या संगणकावर टंकलेले लेख एकत्र करून मी शब्दांची यादी काढली, तर ‘ॲप’ हा शब्द यादीत दोनदा आला, दोन्ही ठिकाणी अगदी सारखाच दिसत होता, आणि दोन्हींपुढचे आकडे मात्र वेगळे होते. मोजणी सोपी असते. काय मोजायचे, म्हणजे मराठीत ‘एक शब्द’ कशाला म्हणायचे, हे संगणकाला सांगणे हेच खरे काम असते. म्हणून पुढील कृतीत मोजणीला थोडी आणि मोजणीच्या पूर्वतयारीला बरीच जागा दिली आहे.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतील आज्ञा रोमन लिपीत टंकायच्या असतात. या लेखात त्यांची नावे देवनागरीत दिली आहेत. तुम्ही ती मूळ इंग्रजी स्पेलिंगने लिहावीत. आपण स्वतः ठेवलेली नावे, उदाहरणार्थ ‘मोजणी’, ‘ओळ’ किंवा ‘साचा’, ही मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतच लिहिली तरी चालतात, आणि मी ती तशीच लिहितो, कारण वर्षभराने स्वतःचा प्रोग्रॅम उघडल्यावर तो लगेच कळतो.

फाईलची तपासणी

प्रोग्रॅम लिहिण्याआधी फाईल खरोखरच युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत आहे का, हे पाहावे. जुन्या काळी श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसत असला, तरी संगणकाच्या दृष्टीने तो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा समूह असतो. देवनागरीचे केवळ सोंग फॉन्टने घेतलेले असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. मजकुराचा फॉन्ट बदलून मंगल किंवा दुसरा कोणताही युनिकोड फॉन्ट द्यावा. मजकूर मराठीच राहिला तर ठीक. रोमन अक्षरांची भेळ दिसू लागली, तर आधी फॉन्ट-परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणावा लागेल, आणि परिवर्तकाने रफार व जोडाक्षरे बिघडवली नाहीत ना, हे एक-दोन पाने वाचून तपासावे लागेल.

त्यानंतर फाईल साध्या मजकुराच्या स्वरूपात, यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये (एन्कोडिंग म्हणजे चिन्हांचे क्रमांक फाईलमध्ये साठवण्याची रीत) जतन करावी. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ वापरते, पण त्याआधीच्या नोटपॅडमध्ये एन्कोडिंग म्हणून ‘ॲन्सी’ निवडलेले असे, आणि त्या पर्यायाने देवनागरी मजकूर जतन केला तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. ती प्रश्नचिन्हे परत अक्षरे होत नाहीत, त्यामुळे मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवूनच पुढे जावे.

पायथन फाईल उघडताना एन्कोडिंग स्पष्टपणे सांगणे हा ऐच्छिक भाग मानू नये. ते सांगितले नाही, तर विंडोजवर पायथन बहुधा पश्चिम युरोपीय भाषांसाठी असलेली जुनी तक्ता-पद्धत गृहीत धरतो. मग एक तर वाचनच थांबते, किंवा टोपी आणि ठिपके असलेल्या अनोळखी रोमन अक्षरांची रांग समोर येते. ‘यूटीएफ-८-सिग’ हे नाव द्यावे, असे मी सुचवेन. मजकूर टंकण्याचे काही प्रोग्रॅम फाईलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी एक खूण ठेवतात आणि ती पहिल्या शब्दाला चिकटून बसते. हा पर्याय ती खूण असली तर काढतो आणि नसली तर काहीच करत नाही.

सोपा उपाय कुठे अडतो

उदाहरणासाठी हा छोटा मजकूर एका फाईलमध्ये लिहून घ्यावा: ‘घर दूर होते, पण घरात आई होती. आई कोणाची वाट बघत होती? घरी येणाऱ्या मुलीची वाट बघत होती!’ बोटावर मोजले तर यात एकूण १८ शब्द आहेत. वेगवेगळे शब्द १३ आहेत. ‘होती’ तीनदा, ‘आई’, ‘वाट’ व ‘बघत’ प्रत्येकी दोनदा आणि उरलेले नऊ शब्द एकेकदा येतात. ही उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत, कारण प्रोग्रॅमची परीक्षा त्यांच्यावरच घ्यायची आहे.

पहिला मोह ‘स्प्लिट’ ही आज्ञा वापरण्याचा होतो. ती मजकूर रिकाम्या जागांवर तोडते आणि विरामचिन्हे शब्दाला तशीच चिकटलेली ठेवते. त्यामुळे पूर्णविराम असलेले ‘होती’, प्रश्नचिन्ह असलेले ‘होती’ आणि उद्गारचिन्ह असलेले ‘होती’ असे तीन निराळे शब्द तयार होतात, वेगवेगळ्या शब्दांची संख्या १५ होते आणि सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द यादीच्या वरच्या भागातून नाहीसाच होतो. पायथनमध्ये विरामचिन्हांची तयार यादी मिळते, परंतु तिच्यात दंड नाही आणि मराठी छपाईत सर्रास येणारी वळणदार अवतरणचिन्हेही नाहीत, त्यामुळे तिच्यावर विसंबूनही काम पुरे होत नाही.

दुसरा मोह अधिक फसवा आहे. पायथनच्या ‘आरई’ या मॉड्यूलमध्ये (तयार आज्ञांच्या संचात) बॅकस्लॅश आणि डब्ल्यू अशी जोडी ‘शब्दातील अक्षर’ या अर्थाने वापरतात, आणि इंग्रजीतील जवळजवळ प्रत्येक धडा तीच शिकवतो. मात्र ही जोडी फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच ओळखते. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पायमोडीचे हलन्त चिन्ह ही ‘अक्षरे’ नसून ‘जोडचिन्हे’ आहेत. परिणामी ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडतात, आणि ‘पुस्तक’ या शब्दाचे ‘प’, ‘स’ व ‘तक’ असे तीन. आपल्या नमुन्यात तर गंमत अशी होते, की ‘घरात’ व ‘घरी’ यांचेही तुकडे पडून ‘घर’ तीनदा आल्याचे दिसते, आणि प्रोग्रॅमने प्रत्यय ओळखून काढले की काय, असा भास होतो. शब्दात केवळ अक्षरेच आहेत का हे विचारणारी ‘इजअल्फा’ ही आज्ञादेखील ‘होती’ या शब्दाला ‘नाही’ असेच उत्तर देते. आश्चर्य असे, की ‘मोजणी’ हे काना-मात्रा-वेलांटीसह लिहिलेले चलाचे नाव तीच भाषा बिनतक्रार स्वीकारते.

लिनक्स ही संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांना आज्ञांची साखळी जोडून हे काम करण्याची जुनी रीत ठाऊक असते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी याच प्रश्नासाठी लिहिलेल्या लांबलचक प्रोग्रॅमची समीक्षा करताना डग मॅकिलरॉय यांनी १९८६ मध्ये सहा आज्ञांची जी साखळी दिली, ती आजही कौतुकाने सांगितली जाते. तिची सुरुवात एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवणाऱ्या ‘टीआर’ या आज्ञेने होते, आणि लिनक्सवरील प्रचलित टीआर बाइट, म्हणजे साठवणीचे सुटे एकक, पाहते, अक्षर पाहत नाही. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘होती’ हा शब्द बारा बाइटांचा होतो. म्हणून ती साखळी मराठीला जशीच्या तशी लावता येत नाही.

शब्दाचा साचा

यावरचा उपाय म्हणजे शब्दात कोणती चिन्हे चालतील, हे आपणच सांगणे. युनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ हा क्रमांकांचा पट्टा दिलेला आहे (या क्रमांकांत अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही येतात), पण तो अख्खा घेऊ नये; कारण ०९६४ व ०९६५ या जागी एकेरी आणि दुहेरी दंड आहेत, ०९६६ ते ०९६एफ या जागी ० ते ९ हे अंक आहेत, आणि ०९७० या जागी संक्षेपाचे चिन्ह आहे. ओव्या, अभंग किंवा जुने गद्य मोजायचे असेल आणि दंड साच्यात राहिला, तर प्रत्येक चरणाचा शेवटचा शब्द दंडासह वेगळा मोजला जातो. म्हणून साच्यात ०९०० ते ०९६३ आणि ०९७१ ते ०९७एफ असे दोनच तुकडे ठेवावेत. प्रोग्रॅममध्ये ही प्रत्येक संख्या बॅकस्लॅश आणि यू या चिन्हांनंतर इंग्रजी अंक-अक्षरांत लिहावी, दोन्ही तुकडे चौकोनी कंसात ठेवावेत आणि कंसानंतर अधिकचे चिन्ह द्यावे, ज्याचा अर्थ ‘अशी एक किंवा अधिक चिन्हे सलग’ असा होतो. हे सर्व आरई मॉड्यूलच्या ‘कम्पाइल’ या आज्ञेला देऊन मिळालेल्या वस्तूला ‘साचा’ असे नाव द्यावे.

मजकुरात रोमन लिपीतील शब्दही असतील आणि तेही मोजायचे असतील, तर त्याच कंसात ए ते झेड हा लहान अक्षरांचा पट्टा घालावा आणि मोजण्यापूर्वी ओळीवर ‘लोअर’ ही आज्ञा चालवावी. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने मराठी शब्दांवर तिचा काही परिणाम होत नाही.

एकसारखे दिसणारे शब्द एकच करणे

स्मरणिकेतल्या दोन ‘ॲप’ शब्दांचे कोडे या पायरीवर सुटते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीचे लोक, आणि आजही काही कीबोर्ड वापरणारे, ‘अ’ टंकून त्यावर अर्धचंद्र देतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. संगणकासाठी एक शब्द दोन चिन्हांचा आणि दुसरा तीन चिन्हांचा असतो.

प्रोग्रॅममध्ये ‘एकसारखी’ नावाचे एक फंक्शन लिहावे, ज्याला एक ओळ दिली की ती शुद्ध होऊन परत येईल. त्यात सर्वांत आधी ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ ही आज्ञा ‘एनएफसी’ या पर्यायासह चालवावी. ‘र’ खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ आणि मुळातच एक चिन्ह असलेला ‘ऱ’ हे तिच्यामुळे एक होतात. मात्र वर सांगितलेला ‘ॲ’चा घोळ या आज्ञेने सुटत नाही, कारण युनिकोडच्या नियमांनुसार ती दोन रूपे समान मानलेली नाहीत. त्यासाठी ‘रिप्लेस’ ही आज्ञा वापरून ‘अ’ व अर्धचंद्र या जोडीच्या जागी ‘ॲ’ ठेवावा.

पुढची अडचण खास मराठीची आहे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘येणाऱ्या’ यांतील चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: काही जण ‘ऱ’ला हलन्त चिन्ह देऊन पुढे य लिहितात, तर काही जण साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे २००डी हे न दिसणारे चिन्ह टाकतात. आपल्या साच्यात हा जोडक नसल्यामुळे दुसऱ्या प्रकारचा शब्द मध्येच तुटेल. म्हणून ‘र’, हलन्त आणि जोडक या तिन्हींच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवावे, आणि ते झाल्यावरच उरलेले सर्व २००डी, २००सी व २००बी हे अदृश्य पाहुणे रिकाम्या अवतरणाने बदलून काढून टाकावेत. हा क्रम उलटा केला, तर चंद्रकोरीचा र साध्या रफारात बदलतो आणि ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांतला फरकच पुसला जातो.

विसर्गाचे दुखणे याहून चिवट आहे. पुष्कळ जण ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकतात, आणि मग त्या शब्दाचे ‘दु’ व ‘ख’ असे दोन तुकडे होतात. दोन्ही बाजूंना जागा न सोडता देवनागरी अक्षरे असतील, तर अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग ठेवण्याचा नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो. शब्दाच्या शेवटी मात्र असा सरसकट नियम करू नये. ‘विशेषत:’ यातला अपूर्णविराम विसर्ग असतो, पण ‘ती कारणे पुढीलप्रमाणे आहेत:’ यातला खरा अपूर्णविराम असतो, आणि दोन्ही शब्दांचा शेवट ‘त’नेच होतो. येथे ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘मुख्यत:’, ‘साधारणत:’ अशा नेमक्या शब्दांची छोटी यादी करून तेवढेच बदलणे शहाणपणाचे आहे.

जोडरेषेबाबत मी एकच नियम पाळतो: ती साच्यात घेत नाही, म्हणजे ‘आई-वडील’ हे दोन शब्द मोजले जातात. कोणाला ते एक हवे असतील, तर त्याने साच्यात जोडरेषा घ्यावी.

मोजणीच्या ओळी

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष मोजणीला चार ओळी पुरतात. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘आरई’, ‘सीएसव्ही’ (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली यादी लिहिण्यासाठी) आणि ‘युनिकोडडेटा’ ही मॉड्यूले, तसेच ‘कलेक्शन्स’मधील ‘काउंटर’ आयात करावा. हे सर्व पायथनबरोबरच मिळते, वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. त्यानंतर साचा आणि ‘एकसारखी’ हे फंक्शन, आणि मग पुढील ओळी:

मोजणी = काउंटर()
विथ ओपन("अंक.टीएक्सटी", एन्कोडिंग="यूटीएफ-८-सिग") ॲज फाईल:
    फॉर ओळ इन फाईल:
        मोजणी.अपडेट(साचा.फाइंडऑल(एकसारखी(ओळ)))

पहिली ओळ रिकामी वही उघडते. दुसरी ओळ फाईल उघडते आणि काम संपल्यावर ती आपोआप बंद होईल याची हमी देते. तिसरी ओळ एका वेळी एकच ओळ वाचते, त्यामुळे फाईल हजार पानांची असली तरी संगणकाच्या स्मृतीवर ताण येत नाही. चौथी ओळ शुद्ध केलेल्या ओळीतून साच्यात बसणारे सर्व तुकडे काढते आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक खूण वाढवते. ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा शोभेची नाही. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे, हे पायथन त्यावरूनच ओळखतो, म्हणून चार-चार जागांचे अंतर काटेकोर ठेवावे.

मोजणी झाल्यावर ‘मोस्ट-कॉमन’ या आज्ञेला २० ही संख्या दिली, की सर्वांत जास्त वेळा आलेले वीस शब्द उतरत्या क्रमाने मिळतात. तिच्या नावातील दोन शब्दांमध्ये जोडरेषेऐवजी अधोरेखा असते. आता लिहून ठेवलेला कागद काढावा. नमुना फाईलवर ‘होती’पुढे ३ यायला हवेत, सर्व आकड्यांची बेरीज १८ आणि वहीतील नोंदींची संख्या १३ भरायला हवी. एकही आकडा चुकला, तर मोठ्या फाईलकडे जाऊ नये.

यादी पडद्यावर छापण्यापेक्षा फाईलमध्ये लिहावी, कारण विंडोजच्या काळ्या खिडकीत काना-मात्रा अनेकदा जागच्या हलतात आणि आपण नसलेली चूक शोधत बसतो. सीएसव्ही फाईल लिहिताना एन्कोडिंग पुन्हा ‘यूटीएफ-८-सिग’ असेच द्यावे; वाचताना जी खूण आपण टाळत होतो, ती येथे मुद्दाम हवी असते, कारण ती पाहूनच एक्सेल फाईल यूटीएफ-८ आहे हे ओळखते. फाईल उघडताना ‘न्यूलाइन’ला रिकामे अवतरण दिले नाही, तर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर एक कोरी ओळ येते.

यादी वाचताना

यादीच्या माथ्यावर ‘आहे’, ‘आणि’, ‘या’, ‘हे’, ‘तो’, ‘नाही’ हेच शब्द असतील. ते नको असतील तर त्यांचा एक संच करून मोजणीतून वगळावा. ‘दोन अक्षरांपेक्षा लहान शब्द वगळा’ असा नियम मात्र लावू नये, कारण पायथनची ‘लेन’ ही आज्ञा अक्षरे न मोजता चिन्हे मोजते: तिच्या हिशेबी ‘होती’ची लांबी ४ आहे आणि एकाच अक्षराच्या ‘स्त्री’ची ६.

विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मराठीत शब्दाला जोडून लिहिली जातात. हिंदीत ‘घर में’ हे दोन शब्द असतात, मराठीत ‘घरात’ हा एकच. त्यामुळे घर, घरी, घरात, घरातून, घराचा, घरापर्यंत, घरासमोर ही सर्व रूपे यादीत सुटी येतात. प्रत्यय कापून ती एकत्र करण्याचा मोह आवरावा, असे माझे मत आहे. ‘ात’ हा शेवट कापला, तर ‘घरात’चे ‘घर’ होते, पण ‘वरात’चे ‘वर’ होते आणि ‘हात’चा नुसता ‘ह’ उरतो. शिवाय सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो: पाणी, पण पाण्यात, विहीर, पण विहिरीत, मीठ, पण मिठात. ‘घर’ने सुरू होणारे सगळे शब्द एकत्र करावेत म्हटले, तर घरटे, घराणे आणि घरंदाज हेही त्यात येऊन बसतात. ज्या दहा-पंधरा शब्दांत तुम्हांला रस आहे, त्यांची रूपे यादीतून स्वतः निवडून कोणते रूप कोणत्या शब्दाखाली मोजायचे याचा तक्ता प्रोग्रॅमला द्यावा. अर्ध्या तासाचे हे हातकाम कोणत्याही घाईच्या नियमापेक्षा विश्वासार्ह ठरते.

संपादनाच्या दृष्टीने मला यादीचा तळ माथ्यापेक्षा अधिक उपयोगी वाटतो. एकदाच आलेल्या शब्दांत टंकनाच्या चुका, तुटलेली जोडाक्षरे आणि ओळीच्या शेवटी दोन तुकडे झालेले शब्द सापडतात. लेखनातील विसंगती शोधण्यासाठी तीच यादी वर्णानुक्रमे लावावी, म्हणजे ‘फाईल’ व ‘फाइल’, ‘कॉम्प्युटर’ व ‘कॉम्प्यूटर’ अशा जोड्या फार दूर जात नाहीत आणि कोणते रूप किती जणांनी वापरले, हेही शेजारच्या आकड्यावरून दिसते. पायथनची ‘सॉर्टेड’ ही आज्ञा युनिकोडच्या क्रमाने शब्द लावते, आणि त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो; आपल्या वर्णमालेप्रमाणे तो ‘ह’नंतर हवा असेल, तर क्रम ठरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ‘की’ या पर्यायात ‘ळ’च्या जागी अवग्रह (ऽ) ठेवावा. अवग्रहाची जागा ‘ह’नंतर आणि कान्याच्या आधी असल्यामुळे शब्द न बदलता क्रम तेवढा सुधारतो. या यादीवरून मूळ मजकूर दुरुस्त करताना प्रत्येक बदल ‘पूर्ण शब्द’ हा पर्याय निवडून आणि समोर येणारे प्रत्येक स्थळ पाहूनच करावा, आणि दुरुस्ती झाल्यावर प्रोग्रॅम त्याच फाईलवर पुन्हा एकदा चालवावा.